आकडेबाबांचा ढग

पडद्यावरची शिलकीची हिरवी रेघ चढू लागली तशी सभागृहातली माणसं खुर्च्यांवरून उठली. आकडेबाबा लॅपटॉपवर हात ठेवून डोळे मिटून बसले होते. रेघ वर टेकली आणि शिकलीसवरली माणसंही माना डोलावू लागली.

ठेव द्या, दर महिन्याला तिचा दहावा हिस्सा न्या, मूळ ठेव शाबूत, अशी बाबांची योजना होती. पुरावा म्हणून पडद्यावर चित्र होतं: एक चौकट म्हणजे बाबांची तिजोरी, आत पैसे आणणारी नळी, बाहेर पैसे नेणारी नळी. आत येणारी नळी एका ढगातून निघायची. त्या ढगात काय आहे हे विचारलं की ढग आटतो, असं बाबा बजावत.

रांगेत माझी धाकटी बहीण उभी होती. आपलं शिवणाचं दुकानच ती ठेव म्हणून देणार होती आणि किल्ली तिच्या मुठीत होती. आठवडाभर मी घसा कोरडा केला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

बाबांचं चित्र ज्यात काढलेलं होतं तेच, चौकटी-नळ्या जोडून पुढच्या महिन्यांचा हिशेब चालवून दाखवणारं सॉफ्टवेअर मी महिनाभर संध्याकाळच्या वर्गात शिकत होते. ढग म्हणजे आपण विचार करायचं थांबवलं ती जागा, हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात. बाबांचं चित्र मी घरी काढून पाहिलं होतं. मी मंचावर चढले आणि पडद्याची वायर माझ्या लॅपटॉपला जोडली. बाबांच्या चेल्याने माझा दंड धरला.

"सोडा तिला. मला बघायचंय," बहीण म्हणाली.

मी ढग पुसला आणि तिथे चौकट काढली: शहरातली नवी, अजून ठेव न दिलेली माणसं. चित्र चालवलं. रेघ बाबांच्या रेघेसारखीच चढली. बाबा हसले. त्यांचं चित्र तिथेच थांबायचं, मी माझं पुढे चालू दिलं. नवी माणसं संपली, रेघ वाकली आणि थेट तळाला गेली.

"मला तर दर महिन्याला मिळतायत," आधीच ठेव दिलेला आमच्या गल्लीतला न्हावी म्हणाला.

"मिळतायत ना. या रांगेतल्या लोकांचे."

न्हाव्याने रांगेकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. यंत्र खोटं बोलतं, असं बाबा पुटपुटले.

"मग इतके दिवस तुमचं खरं कसं बोलत होतं?" न्हाव्याने विचारलं. बाबांनी लॅपटॉप मिटला.

बहीण रांगेतून बाहेर पडली. ती दुकान उघडायला गेली. तिच्या आधी ठेव देऊन झालेल्या म्हाताऱ्याने मला विचारलं, "बाई, मी मघाशीच पैसे दिले. माझे परत कसे मिळतील?" मला रडू आलं, कारण ते चित्रात कुठेच नव्हतं.

म्हणून सांगते, चमत्कारापुढे हात जोडायच्या आधी विचारा, हे येतं कुठून? नंतर विचारून उपयोग नसतो.