चिंधी बांधलेलं मोरपंखी जाकीट

मी जाकीट बोलतोय. थंडीत घालायचं नव्हे, समुद्राच्या पोटात उतरणाऱ्यांचं. माझ्या पाठीशी हवेची टाकी बांधतात आणि बटण दाबून त्यातली थोडी हवा माझ्या पोटात घेतात. हवा जास्त झाली की माणूस वर जातो, कमी झाली की खाली. बेताची ठेवली तर मधल्यामध्ये माशासारखा राहतो. एवढंच माझं काम. पण अंगाला नीट बसल्याशिवाय हे काम होत नाही, आणि माणसं मला निवडतात रंगावरून.

कारखान्यात एका बाईनं मला शिवलं, फुगवलं आणि हौदात दाबून धरलं. एकही बुडबुडा आला नाही तेव्हाच पुढं सोडलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मला कुणी असं तपासलं नाही.

दूरच्या थंड देशातल्या दुकानात एका बाईनं मला आरशासमोर घातलं. "हा मोरपंखी रंग मला शोभतो ना?" तिनं नवऱ्याला विचारलं. नवऱ्यानं फोनमधून डोकं वर न काढताच "शोभतो" म्हटलं. झाली निवड. फुगवून बघणं नाही, पाण्यात उतरून बघणं नाही. आफ्रिकेजवळच्या पेंबा बेटावर येऊन तिनं एकदाच बुडी मारली, तिचे कान दुखले आणि परत जाताना सामान जड होतंय म्हणून ती मला शामेच्या बुडी मारायच्या केंद्रावर टाकून गेली. वर त्याला दान म्हणाली.

शामे म्हणजे या केंद्राचा मालक. डोक्यावर नक्षीची स्वच्छ टोपी, तोंडात साखर. त्यानं मला उन्हात दांडीवर टांगलं आणि विसरला. पोटातलं खारं पाणी आतच वाळलं. हलवलं की मीठ कुरकुरायचं.

इथली एक रीत आहे. सकाळी पाहुणे आले की दांडीवरची जाकिटं आधी त्यांनी निवडायची. शेवटच्या पाहुण्याचं होईपर्यंत गाईडनं हात लावायचा नाही. एखादं जाकीट बिघडलं की त्याला जुन्या कांग्याची चिंधी बांधायची, म्हणजे ते पाहुण्याला द्यायचं नाही. कांगा म्हणजे बायका नेसतात आणि डोक्यावरून घेतात ते रंगीत कापड. तुम्हाला वाटेल, चिंधीवाली जाकिटं दुरुस्त होत असतील, नाहीतर फेकून देत असतील. कसलं काय! ती गाईडना घालायला देतात. "त्यांना त्याची खोड माहीत असते," असं शामे म्हणतो. जशी काही माहीत असलेली खोड माणसाला बुडवत नाही.

म्वानाखेरी ही गाईड झालेली गावातली पहिलीच मुलगी. शामे तिच्या आईचा चुलतभाऊ, म्हणून ती त्याला मामा म्हणायची. चणीनं बारीक. दांडीवरचं प्रत्येक जाकीट तिच्या अंगावर गोणपाटासारखं लोंबायचं. शेवटी तिचा हात माझ्यापर्यंत आला.

आधी तिनं माझ्या पोटात गोडं पाणी ओतून मीठ धुऊन काढलं. मग मला घालून इतकं फुगवलं की झडपेतून हवा सुसू करायला लागली, आणि तशीच उभी राहून तिनं सावकाश श्वास घेऊन बघितला. "छाती आवळत नाही," ती म्हणाली. "फाकीदादा, आता मला खांद्याच्या पट्ट्यांना धरून उचल."

फाकी नाव चालवायचा. "अगं, लवंगांचं पोतं आहेस का तू?" म्हणत त्यानं उचललं. "पोतं जड असतं म्हणा. जेवत जा जरा."

"जेवणाचं नंतर बघू. कानापर्यंत चढलं का ते सांग."

"नाही. जागच्या जागी आहे."

शामे ओट्यावर चहा पीत हे बघत होता. "काय गं, जाकीट निवडतेस की नवरा?"

"नवरा चुकला तर माहेरी येता येतं, मामा," ती म्हणाली. "हे चुकलं तर समुद्राखालून कुठं येऊ?"

फाकी इतका हसला की शामेलाही हसावं लागलं. रात्रभर तिनं मला फुगवून टांगून ठेवलं आणि सकाळी बोटानं दाबून बघितलं. मी टणक होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी माझ्या गुणासाठी घेतलं होतं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्या हंगामात ती मला दांडीवर ठेवायचीच नाही, धुण्याच्या पडवीत आपल्या खुंटीला अडकवायची. खाली गेलं की तिचं आणि माझं जमायचं. ती एक श्वास घ्यायची तेवढ्यानं आम्ही प्रवाळावरून हलके वर जायचो, सोडला की खाली यायचो.

मग ती पाहुणी आली, नवऱ्याबरोबर बुडी मारायला. चांगली उंच, रुंद खांद्यांची, पोहायचा पोशाख मोरपंखी. दांडीवरचं काही तिला आवडेना. फिरत फिरत पडवीत आली आणि मला बघून तिथंच थांबली.

"हे का लपवून ठेवलंय? मला हेच हवं."

"बाई, हे तुम्हाला लहान होईल," म्वानाखेरी म्हणाली. "आत्ता कोरड्यात बसेल, पण फुगलं की छाती आवळेल. तिकडचं काळं घ्या, ते तुमच्या मापाचं आहे."

पाहुणीनं शामेकडं बघितलं. शामेनं म्वानाखेरीला बाजूला घेतलं. "पाहुण्याला नाही म्हणतात का आपल्यात? तुझ्या आईनं हेच शिकवलं?"

"मामा, मग मी काय घालू?"

"काय म्हणजे? राहिलेलं."

राहिलं होतं ते चिंधीवालं. मोठ्या मापाचं, आणि त्याचं हवा भरायचं बटण कधीकधी अडकून बसायचं. तिनं त्याच्या पट्ट्या ओढता येतील तेवढ्या ओढल्या. फाकी म्हणाला, "आज नको जाऊस." शामे म्हणाला, "ती गेली नाही तर पाहुण्यांना कोण नेणार? तू?" फाकी नावेकडं गेला. तिनं ते अंगात चढवलं. खरं सांगतो, मला त्या तिघांचाही राग आला.

खाली सगळं बरं चाललं होतं. वर यायची वेळ झाली तेव्हा पाहुणी प्रवाहात डगमगली, घाबरली आणि तिनं माझं बटण दाबून धरलं. मी फुगलो. फुगल्यावर आवळणार नाही तर काय करणार? तिला श्वास पुरेना. ती तोंडातली श्वासाची नळी ओढून काढायला लागली. म्वानाखेरी झेपावली. एका हातानं माझी झडप उघडून तिनं हवा सोडली, दुसऱ्या हातानं पाहुणीची नळी तिच्या तोंडातच घट्ट दाबून धरली. नेमकं तेव्हाच तिच्या अंगावरचं बटण अडकलं.

ते जाकीट आपोआप फुगायला लागलं. हवेची जोडणी ओढून काढली असती तर थांबलं असतं, पण त्याला एक हात मोकळा हवा होता. तिनं आधी माझा छातीवरचा चाप सोडवला. पाहुणीला श्वास मिळाला. तोवर ते ढगळ जाकीट तिच्या कानांवर चढलं होतं आणि त्याची हवा भरायची नळी कुठंतरी पाठीमागं गेली होती. तिचा एक हात नळी शोधत होता, दुसऱ्यानं तिनं माझी पट्टी धरली होती. ती वर ओढली जात होती आणि तिच्याबरोबर आम्हीही.

खोलातून एकदम वर गेलं की रक्तात बुडबुडे होतात. थांबत थांबत यायचं असतं. हे तिला ठाऊक होतं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. पाहुणीकडं नव्हे, माझ्याकडंच, असं मला अजून वाटतं. आणि माझी पट्टी सोडून दिली.

ती वर गेली. आम्ही खालीच राहिलो. पाहुणीच्या नवऱ्यानं तिला धरून नावेच्या दोरीच्या आधारानं सावकाश वर आणलं. माझ्यात हवा अगदी बेताची होती. माझं काम मी चोख केलं, चुकीच्या पाठीवर.

नावेत म्वानाखेरी फाकीला सांगत होती, "पाय झोपलाय माझा. जागा होईना." शेजारच्या बेटावर अशा आजाराच्या उपचाराची सोय आहे. तिथं नेईपर्यंत उशीर झाला. जीव वाचला. डावा पाय आता फरपटतो, आणि पाण्यात उतरायचं नाही असं डॉक्टरांनी कायमचं सांगितलंय.

संध्याकाळी पाहुणीनं तक्रार केली, "गाईड मला अर्ध्यात सोडून पळाली." शामेनं छातीवर हात ठेवून माफी मागितली, बाईला नारळपाणी दिलं. म्वानाखेरीच्या आईला मात्र तो म्हणाला, "ताई, ते जाकीट तिनं स्वतःच निवडलं होतं." मी तिथंच खुंटीवर होतो. मला तोंड नाही याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

आता ती पडवीत बसून जाकिटं धुते. मला शामेनं दांडीवर सगळ्यांत पुढं टांगलं. रोज नवा पाहुणा मला निवडतो, आरशात बघतो. संध्याकाळी मी तिच्या हातात येतो. ती माझ्या पोटात गोडं पाणी ओतते, हलवते, ओतून टाकते. मग परत दांडीवर अडकवते.

या हंगामात मैसारा नावाची नवी गाईड आली. तीही बारीक चणीची. पहिल्याच दिवशी पाहुण्यांनी निवडून झाल्यावर ती दांडीपाशी गेली आणि चिंधीवालं एक जाकीट उचलायला लागली. म्वानाखेरी पडवीतून बघत होती.

त्या संध्याकाळी तिनं मला धुतलं, फुगवलं, हौदात दाबून धरलं. एकही बुडबुडा नाही. मग तिनं आपल्या डोक्यावरच्या कांग्याची कड दातांनी फाडली आणि माझ्या खांद्याला घट्ट गाठ मारली.

शामे आला. "याला काय झालं आता?"

"झडप गळतेय, मामा."

"मग दुरुस्त कर."

"होण्यासारखी नाही ती." तिनं मान वर केली नाही. "गाईडला चालेल."

तो गेल्यावर तिनं मैसाराला पडवीत बोलावलं. मैसाराच्या अंगावर चढवून तिनं मला खांद्यांना धरून उचलून बघितलं, जसं एकदा फाकीनं बघितलं होतं.

चारचौघांत खराब म्हणवून घ्यायचं म्हणजे जिवावर येतं. पण घेतो. कधी आलात पेंब्याला, तर दांडीवर मोरपंखी रंग बघून थांबू नका, मला निवडू नका. माझी कीवही करू नका. मी धडधाकट आहे. कीव करायचीच असेल तर माझ्या शेजारी टांगलेल्यांना कोण घालणार ते आधी विचारा. त्यांच्या चिंध्या खऱ्या आहेत.