चौकापलीकडची भट्टी

नीवेस ब्रूमातने डोंगरावरच्या खाणावळीची दोनशे वाडग्यांची ऑर्डर घेतली आणि त्याच आठवड्यात विजेचं बिल आलं. इटलीत वीज आधीच महाग, त्यात पुन्हा दर चढलेले. मातीची भांडी भाजायची तिची विजेची भट्टी पेटवली असती तर वाडग्यांची सगळी कमाई तिच्याच घशात गेली असती. भाऊ ओत्ताविओने ऑर्डर परत करायला सांगितलं. पण वाडगे घडवून झाले होते, फळ्यांवर सुकत होते. ते मोडून पुन्हा माती करणं नीवेसच्या जिवावर आलं.

नीवेसच्या गोरित्सिया गावाच्या कडेला असलेल्या स्टेशनासमोरच्या चौकातून देशाची हद्द जाते. चौक ओलांडला की स्लोव्हेनिया, आणि तिथे वीज पुष्कळ स्वस्त. तिथे भट्टीही होती, पण ती झोर्को हुमारची. जत्रेत दोघांची दुकानं समोरासमोर लागायची. इटलीची भांडी नवरीसारखी नटतात आणि गरम सूप ओतलं की रडतात, असं तो गिऱ्हाइकांना मुद्दाम मोठ्याने सांगायचा. नीवेसही काही कमी नव्हती. त्याच्या बरण्यांना ती उखळं म्हणायची.

शेवटी अभिमान गिळून ती त्याच्या दारात उभी राहिली.

"वाट चुकलात?" झोर्कोने विचारलं.

"नाही. तुमची भट्टी भाड्याने हवी आहे."

तो आता खदखदून हसणार, अशी तिने मनाची तयारी केली होती. तो हसला नाही. तिला आत नेऊन त्याने भट्टीचं दार उघडलं. भट्टी रिकामी होती आणि कोपऱ्यात कोळ्याने जाळं विणलं होतं. मग त्याने हात पुढे केले. बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते. त्याला चाकावर माती धरता येत नव्हती, आणि हे त्याने गावात कुणाला कळू दिलं नव्हतं.

"भाडं नको," तो म्हणाला. "भाजणी मात्र मी करणार. तुम्ही मध्ये तोंड घालायचं नाही."

नीवेसने मान डोलावली. एवढं गप्प राहणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

वाडगे न्यायच्या दिवशी नेमका बोरा सुटला. हा डोंगरावरून येणारा वारा माणसालाही भिंतीला चिकटवतो, मग कच्च्या वाडग्यांची काय कथा? हातगाडी उलटेल म्हणून नीवेसने खोकी एकेक करून छातीशी धरली आणि वाऱ्याच्या बाजूने ओत्ताविओ अंग आडवं घालून चालू लागला. किती खेपा झाल्या कोण जाणे. हद्दीवर झोर्को खोक्यांवर घालायला ब्लँकेट घेऊन उभा होता. बोटं चालत नव्हती, म्हणून प्रत्येक खोकं तो दोन्ही कोपरांत धरून आत न्यायचा. एकही वाडगा तडकला नाही.

भाजणीत झोर्को भट्टीपाशीच बसून होता. पहिल्या भाजणीनंतर नीवेसने वाडग्यांवर निळ्या झिलईचा लेप दिला आणि त्याने पुन्हा आच लावली. अखेर दार उघडलं, तेव्हा आतून निळा रंग झळाळून आला. तिच्या स्वतःच्या भट्टीने तिला इतका गहिरा निळा कधी दिला नव्हता. तिने वाडग्यावर टिचकी मारली. वाडगा घंटेसारखा वाजला.

"बोल आता," झोर्को म्हणाला. पहिल्यांदाच तो तिच्याशी एकेरीत बोलला होता.

"काय बोलू? तू जिंकलास."

"मी नाही. आपण."

खाणावळीत पहिली पंगत बसली, तेव्हा मालकिणीने नीवेस आणि झोर्कोला मधल्या टेबलावर बसवलं आणि कोबी-राजम्याचं वाफाळतं सूप निळ्या वाडग्यांतून फिरवलं. वाडगे कुणाचे, असं एका पाहुण्याने विचारलं. मालकिणीने दोघांची नावं एका दमात घेतली आणि सगळी खोली टाळ्या वाजवू लागली. नीवेस ताठ मानेने उठून उभी राहिली आणि झोर्कोलाही दंडाला धरून तिने उठवलं.