सूप फुकट, अट एकच

गावच्या दुष्काळ-स्मारक समितीला डेलिया टुहीच्या गोठ्यातली लोखंडी कढई हवी होती. दीडशे वर्षांपूर्वी बटाटा शेतातच कुजला, बॅलिनार्ड गावची माणसं पटापट मरायला लागली, तेव्हा परक्या पंथाच्या पाद्रीबुवांनी याच कढईत सूप शिजवलं. आधी आमची प्रार्थना म्हणा, मग वाटी पुढे करा. केवढी ती माया! पुढे कढई टुहींच्याच गोठ्यात पडून राहिली. आता तिच्यात गाई पाणी प्यायच्या, आणि त्यांना प्रार्थना कोणी विचारत नव्हतं.

डेलियाचा पणजोबा फेस्टस याने ते सूप घेतलं होतं, आणि तरी त्याच हिवाळ्यात तापाने गेला. तेव्हापासून टुही म्हणजे 'सूपवाले', वाटीभर सूपासाठी धर्म सोडणारे. शाळेत, बाजारात, अगदी डेलियाच्या लग्नातसुद्धा.

"स्मारकाच्या दगडावर फेस्टसचं नाव घाला, मग कढई न्या," डेलिया म्हणाली.

"अहो डेलिया, धर्म राखून मेले त्यांचीच नावं आहेत," समितीचा अध्यक्ष कॉर्मॅक गेरी म्हणाला. निवृत्त मास्तर तो, उपासमारीवर तीन भाषणं तयार होती त्याची. "पण उद्घाटनाचं सूप तुम्हीच करा. तुमच्या घराण्याला सवय आहे!"

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या डेलियाला हे चांगलंच झोंबलं. पण ती म्हणाली, "करते की. याच कढईत."

उद्घाटनाला भुरभुर पाऊस आणि दीड तास भाषणं. कढईतून मटण आणि बार्लीचा वास सुटलेला. भाषणं संपताच अख्खं गाव रांगेत घुसलं, कौन्सिलचे पाहुणे सगळ्यात पुढे.

डेलियाने पळी वर धरली. "फुकट आहे हो, अट एकच. म्हणा, 'फेस्टस टुही आमचा होता.'"

पाहुण्यांना काय त्याचं! म्हणाले, वाटी घेतली, भुरके मारायला लागले. मागचे आधी हसले, मग घुटमळले, मग एकेक जण म्हणत गेला. ज्यांनी तिला जन्मभर 'सूपवाली' म्हटलं, तेही. शेवटी उरला कॉर्मॅक, ओलाचिंब.

"हे काय चालवलंय, डेलिया?"

"नको तर नको बाबा. जबरदस्ती थोडीच आहे?"

त्याने कढईत पाहिलं. तळाला एकच वाटी उरली होती.

"फेस्टस टुही... आमचा होता."

"ऐकू नाही आलं."

तो मोठ्याने म्हणाला. डेलियाने पळी तळापर्यंत घातली आणि वाटी काठोकाठ भरली.

"दीड तासात नमलास, कॉर्मॅक. तेही घरून भरपेट खाऊन. फेस्टसने दोन पोरं पुरली, तिसरं कडेवर निपचित पडलं, तेव्हा त्याने वाटी पुढे केली. ते तिसरं म्हणजे माझा आजोबा."

कॉर्मॅकने तोंडाशी नेलेली वाटी खाली घेतली.

"पी की, निवेल. आणि सोमवारी पाथरवटाला बोलाव. दगडावर खाली जागा आहे, मी बघून आलेय."