यंत्रातली हाक

दादाला भास होतात हे घरात कळायला दोन वर्षं लागली. तोवर ताकास तूर लागू न देता हा पठ्ठ्या आमच्यात हसत-बोलत वावरत होता. "वेळेवर तोंड उघडायला काय झालं होतं?" असं मी त्याला आजवर शंभरदा तरी सुनावलंय. बाबांनाही हाच आजार होता. बाबा गेले. आता उरले कोण? मीच की!

म्हणून तर हा सगळा घाट. अशा रुग्णांच्या धडधाकट भावंडांच्या मेंदूची चित्रं काढायची आणि रक्तातून काय उतरतं ते शोधायचं, असं ते संशोधन. दादानंच गळ घातली आणि सोबतही आला.

मला यंत्राच्या बोगद्यात सरकवलं. डोकं उशांनी आवळलेलं, कानांवर हेडफोन, हलायची सोय नाही. डोक्यावर पत्रे ठोकावेत तसा ठणठणाट सुरू झाला. मग एकाएकी सगळं थांबलं.

आणि बाबांचा आवाज आला. "चिमे, घाबरू नकोस. मी आहे."

चिमी मला फक्त घरचे म्हणतात. संपलं, आली माझी पाळी! मदतीसाठी दाबायचा रबरी फुगा हातात होता, पण दाबून सांगणार काय? ठणठणाट पुन्हा सुरू झाला, तो चक्क बरा वाटला.

बाहेर आल्यावर संशोधक बाईंनी खुर्चीत बसवून विचारलं, "आत काही त्रास? काही वेगळं ऐकू आलं?"

"छे, काही नाही!" मी म्हणाले. वर हसलेसुद्धा.

दारात दादा उभा होता, तोंड पाडून. "म्हणजे माइकचं बटण नीट दाबलंच गेलं नाही की काय? तंत्रज्ञ पाठमोरे होते तेवढ्यात मी माइकवर बोललो. फुकट बोलणी खाल्ली त्यांची."

दादाचा आवाज! फोनवर तर आईसुद्धा फसायची, बाबाच बोलतायत असं वाटून. माझा जीव भांड्यात पडला आणि रडूच फुटलं. "गाढवा, गेलं ऐकू! शब्दन्‌शब्द ऐकू आला!"

"मग बाईंना नाही का म्हणालीस?"

विचारता विचारताच दादाच्या ध्यानात आलं. मग खुर्ची ओढून शेजारी बसला.

"पहिल्यांदा मीही नाहीच म्हणालो होतो, चिमे," तो म्हणाला. "असाच हसून."