टाकीवरचा फळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. चेन्नईत अड्यारच्या एका घराच्या अंगणात, जमिनीतल्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून मी पालथा पडलो होतो. टँकर आला की मला बाजूला सारायचे आणि टाकी भरली की पुन्हा तोंड खाली. एके काळी याच घराच्या ओसरीवर मी ताठ उभा असे. घरमालक कृष्णस्वामी राव तंजावरकडचे मराठी, गणिताचे शिक्षक. त्यांच्या शिकवणीतली मुलं माझ्यावर लिहायला भांडत. पुढे रावांची नजर गेली, शिकवणी बंद पडली आणि माझं माप टाकीच्या तोंडाला बरोबर बसतं, असा शोध कुणाला तरी लागला. ओलीने माझी फळी फुगली. मी जगण्याची आशा सोडून दिली होती.

मग एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची ऊर्मी रडत खाली रावांकडे आली. तिचे वडील दर्शन साताऱ्याचे. श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात तपासनीस. ऊर्मीने हट्टाने गणिताला प्रवेश घेतला होता आणि सिद्धतेच्या पेपरात ती सपशेल आपटली होती. दुसऱ्या दिवशी फेरपरीक्षा होती. त्यातही नापास झाली तर कॉलेज सुटणार होतं. रावांनी मला टाकीवरून उचलायला लावलं, धुऊन उन्हात उभं केलं.

दोन विषम संख्यांची बेरीज नेहमी सम येते, एवढंच सिद्ध करायचं होतं. तीन आणि पाच, सात आणि नऊ असं करत तिने मला कोपऱ्यापर्यंत भरून टाकलं आणि सगळं वाचून दाखवलं.

"आणि राहिल्या त्या?" रावांनी विचारलं.

"बाबांच्या कंपनीत असंच करतात, आजोबा. लॉटमधले थोडे पार्ट तपासायचे. ते ठीक निघाले की लॉट पास."

"सरि, कण्णा," राव तमिळमध्ये 'बरं, बाळा' म्हणाले. "हा संख्यांचा लॉट संपणार केव्हां?"

ऊर्मी खडू ठेवून टाकीच्या कठड्यावर बसली. "मला डोकंच नाही याला. बाबांना सांगते, नाव काढा म्हणून."

खरं सांगतो, मला तर तिचं सगळं पटलं होतं. मी फळा, मला काय कळतंय. पण तिने ओढणीने मला पुसायला घेतलं. ही गेली की मी पुन्हा पाण्यावर पालथा.

"उदाहरण नको," राव म्हणाले. "विषम म्हणजे काय, तें सांग."

"जोड्या लावल्या की एक उरतो."

"दुसरीला?"

"तिलाही एकच..." ऊर्मी थांबली. तिने डोळे पुसले. "मग ते उरलेले दोघे मिळून जोडी होते. संख्या कुठलीही असो."

तिने ते लिहिलं. सगळं मिळून दोन ओळी झाल्या.

संध्याकाळी दर्शन कंपनीच्या बसमधून उतरून आले ते पोरीची समजूत घालायच्या तयारीनेच. जवळजवळ कोऱ्या माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "किती तपासल्यास?"

"एकही नाही."

"आणि पास केलास?"

तिने जोड्यांचं सांगितलं. त्यांनी त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.

"म्हणजे सुटलेला एकही नाही?"

"नाही, बाबा."

"आमच्याकडे एखादा खराब पार्ट नजरेतून सुटतोच," ते म्हणाले, आणि टाकीवर टाकायला पत्रा शोधायला गेले.

ऊर्मी परीक्षेला जाऊन आली. निकाल अजून लागलेला नाही. फाटक वाजलं की मला वाटतं, निकाल आला.

मित्रांनो, तुमच्या घरी जुना फळा असेल तर त्याला ओलीत घालू नका. आणि त्याच्यावर लिहिलंय म्हणून काही खरं मानू नका. खोटंही मी तितक्याच निमूटपणे अंगावर वागवतो. समोर उभं राहून 'का' असं तुम्हीच विचारा. मला विचारता आलं असतं, तर त्या सकाळी ती एवढी रडली नसती.