उपरण्याखालचा भाव

माझी हयात बैलांच्या बेपारात गेली. दात बघितले की बैलाचं वय सांगतो, चाल बघितली की भाव. कुणी फसवायला आलाच तर असा वरडतो की अख्खा बाजार माघारी बघतो. राणीसावरगावात चंद्रभान हेडी कुठं राहतो, कुणाला बी विचारा. म्हणतेल, आवाज यायलाय तिकडं जा.

आन् हाच आवाज आता नडला. माझी लेक राजेश्री नवऱ्याचं घर कायमचं सोडून आली, सोबत तिची दुसरीतली पोरगी निकिता. पोरीनं तिथं लय आरडाओरडा बघितलेला. मी नुसतं "जेव की गं" म्हणलो तरी ती आईच्या मागं लपायची. राजेश्रीला गंगाखेडच्या एका दवाखान्यात काम मिळालं, सोमवारपासून जायचं होतं. घरात दुसरं बाईमाणूस न्हाई. ती म्हणली, "आबा, पोरगी तुमच्याजवळ राहिली तरच नोकरी. न्हाईतर सोडून देते."

पोरीला जोडायच्या ठोकळ्यांचं लय वेड, असं राजेश्रीनंच सांगितलं. म्हणून शनिवारी दोघींना घेऊन गंगाखेडला शिवलिंगअप्पाच्या खेळण्याच्या दुकानात गेलो. राजेश्री मुद्दामच बाहेर थांबली.

आत एक मोठी बरणी होती, ठोकळ्यांनी गच्च भरलेली. तिच्याच भावात एक लहानसं खोकं, वर घराचं चित्र. मी खोकं कानाशी धरून हालवलं. निम्मं रिकामं!

"अप्पा, हवा विकायलाव काय?"

"मामा, घराचा सेट हाय तो. छापील किंमत, कमी होत न्हाई."

"छापील! बैलाच्या पाठीवर छापलेली असती काय किंमत? चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! खोला, माल बघू द्या!"

मला वाटलं, पोरीला कळंल, आजा आपल्यासाठी भांडायलाय. मागं बघतो तर निकिता कानावर हात ठेवून कपाटाच्या कोपऱ्यात चिकटलेली. मेलं हे तोंड! लाज वाटली मला.

बैलबाजारात खरा भाव तोंडानं होतच न्हाई. हातावर उपरणं टाकायचं आन् त्याखाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला पत्ता लागत न्हाई, सौदा मोडला तरी कुणाची इज्जत जात न्हाई. मी तिथंच फरशीवर बसलो. खांद्यावरचं उपरणं काढून हातावर टाकलं आन् जमंल तेवढ्या हळू म्हणलो, "निकिता, इथं बोलायचं न्हाई. नुसती बोटं धरायची. थोडं आवडलं तर एक, लय आवडलं तर पाची."

ती लय वेळ हालली न्हाई. मग उपरण्याखाली एक लहानसा हात आला.

मी बरणीकडं मान केली. तिनं करंगळी धरली. मग खोक्याकडं केली. तिनं पाची बोटं आवळली, नखं रुतली मला.

घाट्याचा सौदा! त्या बरणीत असल्या चार घरांचा माल होता. मी कुजबुजलो, "एवढं काय हाय गं त्यात?"

"दार हाय," ती म्हणली. "लावून घेता येतंय."

बापाच्या घरात पोरीला कितीदा दार लावून घ्यावं वाटलं असंल, ते विचारायची गरजच न्हवती. मी छापील पैसे दिले. एक रुपाया कमी कर म्हणलो न्हाई. अप्पा माझ्या तोंडाकडं बघतच राहिले.

सोमवारी राजेश्री सकाळच्या बसनं गेली. निकिता ओट्यावर घर जोडत बसली, मी लांब खांबाला टेकून. खोकला आला तरी दाबून धरायलो. घर उभं राहिलं. तिनं आत दोन ठोकळे ठेवले, पुटपुटली, "आई. मी." आन् दार लावून घेतलं.

झालं, मी मनात म्हणलो. ही काय माझ्याजवळ राहत न्हाई आन् राजेश्रीची नोकरी काय टिकत न्हाई.

तेवढ्यात तिनं दार परत उघडलं. खोक्यातला एक तांबडा ठोकळा उचलला आन् माझ्याकडं बघितलं.

"आबा, हे तुमी. आत या. पण हळू बोलायचं."

मी नुसती मान हालवली. तोंड उघडलं असतं तर चंद्रभान हेडी रडायलाय, हे अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असतं.