तेराव्या वर्षाची कॉट

माझ्या नणंदेची मुलगी अकराव्या वर्षी निवासी शाळेत गेली आणि माझी गेली नाही. झालं होतं ते एवढंच. पण त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते कुठल्याच गोळीने थांबेना. आता साळसूदपणाचा आव कशाला आणू? मी जळत होते. उठता-बसता जळत होते.

दोघींनी परीक्षा एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये दिली होती. त्यांची छकुली आणि माझी भिंगरी. छकुली इतकी हळवी, की वर्गात बाईंनी नुसतं नाव घेतलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी. आणि भिंगरीच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, झोपेतसुद्धा अर्धवट वाक्यं बोलायची. रात्री माझ्या कुशीत शिरून दिवसाचा सगळा पाढा वाचल्याशिवाय तिला झोप यायची नाही. वर्णी लागली तर माझीच लागेल, अशी मला खात्री होती. लागली त्यांची. माझी थोडक्यात हुकली. ताईंनी, म्हणजे नणंदबाईंनी, मुद्दाम फोन केला. "अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. सगळ्यांनाच कसं जमेल?"

ते 'सगळ्यांनाच' मी अजून विसरलेले नाही.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही प्लास्टरचा साचा ओततो, मेणात दात बसवतो. त्या मेणाच्या कवळीची आधी पेशंटच्या तोंडात चाचणी होते, आणि ठीक बसली तरच पक्की कवळी करायची. दिवसभर मी दुसऱ्यांचं हसू घडवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी ताईंकडे जेवायला गेलं की स्वतःचं बळेबळे आणायचे. ताई छकुलीच्या वसतिगृहाचं, म्हणजे 'हाऊस'चं, सांगत बसायच्या. आमच्या हाऊसमध्ये असं, आमच्या हाऊसमध्ये तसं. जसं काही त्याच तिथे कॉटवर झोपत होत्या! छकुलीचा ब्लेझर घातलेला फोटो त्यांनी बैठकीच्या खोलीत असा लावला होता, की सोफ्यावर कुठेही बसा, तो समोर यायचाच. मी एकदा चक्क पाठ फिरवून बसले, तर समोरच्या काचेच्या कपाटात दिसला.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचं डोकं कशानेच गरम होत नाही. "माझी बहीण आहे, कोणी शत्रू नाही," तो म्हणायचा. "पोरगी गेलीय, तर दोन कौतुकाचे शब्द बोलणारच."

"दोन? तुमच्या ताई दोन शब्दांवर कधी थांबल्यात?"

शाळेत शिरायचे तीन रस्ते होते, आणि तिन्ही मला तोंडपाठ होते. अकराव्या वर्षी लेखी परीक्षा, पूर्ण वर्ग भरायचा. सोळाव्या वर्षी शेवटच्या दोन इयत्तांसाठी, पण तेव्हा फक्त गुणवत्ता यादीतल्या मुली घेत, तो रस्ता आमचा नव्हता. राहिलं मधलं तेरावं वर्ष. तेव्हा नव्या जागा नसत. कोणी शाळा सोडली आणि कॉट रिकामी झाली, तरच एखादी मुलगी घेत. तिची आधी भाषा आणि गणिताची परीक्षा, मग शाळेतच दोन रात्री राहायचं, आणि हाऊसच्या बाईंनी होकार दिला तर प्रवेश. चौदा पूर्ण झाली की हा रस्ता बंद. म्हणजे भिंगरीच्या हातात हे एकच वर्ष होतं.

आणि कॉट रिकामी होतेय हे मला सांगितलं कोणी, तर ताईंनी! त्या स्वयंपाकघरात कप पुसत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "छकुलीच्या वर्गात एक जागा होणार आहे. भिंगरीचं बघ हवं तर."

मला शंकाच आली. एवढा मोठेपणा कशासाठी? जन्मभर उपकार ऐकवायची सोय करून ठेवतायत, दुसरं काय! पण कॉट ती कॉट. मी दुसऱ्याच दिवशी लॅबमधून अर्धी रजा काढून शाळेत जाऊन आले.

"पोरीला विचारलंस का?" नवऱ्याने विचारलं.

विचारलं ना. भिंगरी टेबलाशी बसून पावाला लोणी लावत होती. म्हटलं, "जायचंय ना तुला?" ती म्हणाली, "तू म्हणतेस ना." मी तो होकार धरला. पुढे ती काहीतरी सांगत होती, तिच्या मैत्रिणीचं, शाळेच्या बसचं, पण मी तोपर्यंत गणिताचं पुस्तक काढलं होतं.

परीक्षेची मला धास्ती नव्हती, त्या दोन रात्रींची होती. आणि इथे ताईंनी खूप पूर्वी सांगितलेली एक गोष्ट माझ्या कामी आली. छकुलीला पहिल्यांदा सोडलं, तेव्हा ती फाटकापासून पायऱ्यांपर्यंत सारखी मागे वळून बघत होती. "आणि त्या हाऊसच्या बाई पायऱ्यांवर उभ्या," ताई म्हणाल्या होत्या. "त्यांचं बारीक लक्ष असतं. कोण किती वेळा वळून बघतं, त्यावरून त्या ओळखतात, कोण टिकणार आणि कोण नाही."

मग मी भिंगरीची तयारी सुरू केली. तिचं अंथरुण बाहेरच्या खोलीत सोफ्यावर घातलं. हाक मारायची नाही. दिवसभराचं रात्री सांगत बसायचं नाही. तिथे गेल्यावर घरचं काही बोलायचं नाही. कोणी विचारलं, घरची आठवण येते का, तर म्हणायचं, नाही. रोज सकाळी मी तिला बसथांब्याच्या कोपऱ्यावर सोडायचे आणि तिथून तिने सरळ चालत जायचं, मागे वळायचं नाही. पहिल्या दिवशी ती वळली. मी डोळे वटारले. दुसऱ्या दिवशीही वळली, तेव्हा मी संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलले नाही. हळूहळू जमायला लागलं. एके दिवशी ती जी गेली, ती ताठ, एका सरळ रेषेत गेली. मला इतका आनंद झाला, की लॅबमध्ये मी गुणगुणत मेण वितळवत होते.

बाहेरच्या खोलीतून सुरुवातीला "आई" अशी हळूच हाक यायची. मी उत्तर द्यायचे नाही. नवरा उठायला लागला की त्याचा हात धरायचे. नंतर हाक यायची थांबली.

लेखी परीक्षा तिने चांगली दिली. मग दोन रात्री राहायला गेली. फाटकातून पायऱ्यांपर्यंत चालत गेली. बाई खरंच वर उभ्या होत्या. ती वळली नाही. मनात म्हटलं, बघा ताई, याला म्हणतात मुलगी.

परत आणायला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "शहाणी आहे हो. काही त्रास नाही." माझी छाती फुगली. बसमध्ये मी विचारलं, "कसं होतं?"

"छान."

"छकुली भेटली?"

"माझ्या शेजारच्याच कॉटवर होती."

"काय म्हणत होती?"

"काही नाही."

एरवी या प्रश्नावर ती सगळा प्रवास बोलत राहिली असती. ती खिडकीबाहेर बघत होती. दमली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

प्रवेश मिळाला. शाळेतून फोन आला तेव्हा माझ्या हातात कोणाची तरी वरची कवळी होती. ती खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. संध्याकाळी मी केक घेऊन थेट ताईंकडे गेले. त्यांचा चेहरा बघायचा होता मला. दुसऱ्या कशासाठी जाणार?

दार छकुलीने उघडलं. ऐन सत्रात, घरच्या कपड्यांत. तिच्यामागे पॅसेजमध्ये तिची ट्रंक उभी होती.

"मामी!" म्हणून ती मला बिलगली आणि लगेच आत पळाली. मी केक धरून तशीच उभी. ताई आल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"घेऊन आलो तिला," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं रडली गं. प्रत्येक फोनवर. आम्हाला वाटायचं, आज थांबेल, उद्या थांबेल. मी कोणाला सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार होते? सगळीकडे मिरवून झालं होतं ना."

म्हणजे भिंगरीला मिळाली ती कॉट छकुलीची होती. आणि खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा माझ्या मनात उकळ्याच फुटल्या. यांची परत आली, माझी निघाली! केक मी मोठ्या प्रेमाने कापला. पण खाताना बघते तर छकुली, एवढी तेरा वर्षांची घोडी, आईच्या खुर्चीच्या हातावर बसलेली. आईच्या बाहीचं टोक मुठीत धरून ती बोलत होती. सतत बोलत होती. ताई म्हणाल्या, "सकाळपासून डोकं उठवलंय नुसतं." पण हात तिच्या पाठीवरून फिरत होता.

मला तो केक जाईना.

घरी आल्यावर मी भिंगरीला विचारलं, "छकुली शाळा सोडतेय हे तुला माहीत होतं?"

"हो. रात्री रडत होती. तिनेच सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने जरा विचार केला. "घरचं तिथे बोलायचं नाही म्हणालीस ना. मला वाटलं, तिथलंही इथे बोलायचं नसेल."

तेव्हाच मी थांबवायला हवं होतं का? नवरा तसं म्हणाला. त्याच्यावर मी अशी उसळले, की तो बिचारा हत्यारांची पेटी घेऊन बाहेरच गेला. इतकी वर्षं जळून मिळवलेली कॉट सोडायची? आणि ताईंना काय सांगायचं?

पुढचं सत्र सुरू व्हायच्या दिवशी तिला पोचवायला गेलो. ती पायऱ्या चढून आत गेली, तशीच सरळ. मी बाईंपाशी थांबले. थोडं कौतुक पदरात पडावं, एवढीच इच्छा होती. म्हटलं, "बघितलंत ना? एकदाही वळली नाही. तुम्ही त्यावरून ओळखता ना, कोण टिकणार ते?"

बाईंनी माझ्याकडे नवलाने बघितलं. "मी? मी बुटांकडे बघते हो. चिखलाचे बूट घेऊन तशाच आत घुसतात पोरी, म्हणून उभी असते." मग म्हणाल्या, "वळून तर सगळ्याच बघतात. घर सोडताना बघणारच की."

मी हसले. जसं हसू आम्ही मेणात बसवतो, तसलं.

पहिल्या सुट्टीत भिंगरी घरी आली. उंची वाढली होती. जेवण झाल्यावर ताट उचलून धुऊन ठेवलं. मग आपणहून सोफ्यावर चादर घातली, चारी कोपरे नीट खोचले आणि दिवा बंद केला. मी तिच्याजवळ जाऊन बसले. "आत ये ना माझ्याजवळ. सांग काहीतरी. कुणाशी भांडलीस, कुणाशी बोललीस."

"सगळं छान आहे, आई," ती म्हणाली. "मी इथे झोपते. मला जमतं."

मी रात्रभर कान देऊन पडले. ती झोपेतही काही बोलली नाही.

सुट्टी संपली. तिला सोडायला या वेळी ताई आणि छकुलीही आल्या. छकुलीला जुन्या मैत्रिणींना भेटायचं होतं. पण फाटकाशी येताच तिने आईचा दंड जो धरला, तो सोडेना. भिंगरीने सगळ्यांचा निरोप घेतला, बॅग उचलली आणि निघाली. मी फाटकाचा गज धरून उभी राहिले. मनातल्या मनात नाही, ओठांनी म्हणत होते, वळ. एकदा वळ. आता मी डोळे वटारणार नाही.

ती पायऱ्यांपाशी थांबली. वाकून बुटांचा चिखल पायपुसण्याला पुसला. आणि आत गेली.

"बघ गं, कशी ताठ गेली," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. तो आवाज माझ्या चांगला ओळखीचा होता, कारण दोन वर्षं तो माझाच होता. "नाहीतर ही आमची! कधी मोठी होणार, देव जाणे. तू नशीबवान आहेस बाई. कसं जमवलंस?"

ताई माझ्यावर जळत होत्या. एवढं एकच मला हवं होतं, किती दिवसांपासून हवं होतं. आणि मी त्यांच्या दंडाकडे बघत होते. छकुलीची बोटं त्यात रुतली होती, खाली लाल वळ उठले असणार.

"शिकवलं मी तिला," मी म्हटलं.